नवरदेवाचा टाईप

१४ मार्च १९७३

सोसायटीचे चेअरमनसाहेब दाढी करून घेत होते आणि तिकडं आमचा अंक मरत होता. गालावर साबण, डोळे मिटलेले. राधाकिशन मॅनेजर आमचं प्रूफ शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं वाचत होता. नको ते आलं की साहेब बोलत नव्हते, नुसतं बोट वर करत होते. बोट वर झालं की राधाकिशनची लाल पेन्सिल आडवी फिरायची. मी आणि त्रिंबक समोर उभे. कामावरच्या हजेरीचं गेलं, कामावर खायला वाटतात त्या सुकडीत अळ्या निघाल्या ते गेलं, भिवराबाई उन्हानं पडल्या ते गेलं. राहिलं काय, तर कबड्डीचा निकाल आणि सोसायटीचे आभार. आभार आम्ही लिहिलेच नव्हते. ते राधाकिशननं वाचता वाचता स्वतःच्या मनानं घातले.

निघताना सुंदरराव चेअरमन म्हणाले, "छापा की बाळांनो. मी न्हाई म्हणलोय का? फक्त आदी दाखवत जा. दुष्काळात लोकांची डोकी तापलेली असत्यात."

त्रिंबक "हो मामा" म्हणाला. तो त्यांचा सख्खा भाचा. मला त्याचं ते "हो मामा" लई झोंबलं.

इथं लिहून ठेवते, कारण घरात बोलायची सोय नाही. 'खडी' हा आमचा चार पानांचा कागद. मी, सुग्रीव आणि त्रिंबक मिळून काढतो. नाव सुग्रीवचं. त्याचं घर दरसाल ऊसतोडीला जातं, पण यंदा रानात ऊसच नव्हता, कारखान्यांनी टोळ्या माघारी धाडल्या. आता तो, त्याची आई भिवराबाई आणि दोघी बहिणी तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. त्रिंबक बीडच्या कॉलेजात होता, खानावळ बंद पडली म्हणून घरी आलाय. लिहितो तोच जास्त. छपाईचे खिळे मी जुळवते, एकेक अक्षर. प्रेस अण्णांचा, माझ्या वडिलांचा, गाळा सोसायटीचा, आणि छपाईचं निम्म्याहून जास्त काम पण सोसायटीचंच. म्हणजे ते बोट आमच्या चुलीवर पण आहे.

अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग कबड्डीच छापा." आणि तोंडावर पंचा घेऊन ओट्यावर आडवे झाले. चेअरमनपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला. भित्रे कुठले.

१७ मार्च

एक पत्रिका आली छापायला. दुष्काळात पण माणसं लग्न करतात, बरंय आमच्यासाठी.

अण्णांचा मोतीबिंदू वाढलाय. बारीक टाईप दिसत नाही, अंदाजानं केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांत, हात घालतात आणि भलताच खिळा काढतात. म्हणून बाकी सगळी पत्रिका मी जुळवते, फक्त नवरा-नवरीचं नाव त्यांच्याकडं. ते खिळे अंगठ्याएवढे, हाताला कळतात. त्याला आम्ही नवरदेवाचा टाईप म्हणतो. अण्णा ते एवढं काम पण असं तोऱ्यात करतात की गिऱ्हाईकाला वाटावं अख्खी पत्रिका त्यांनीच केली. पूर्वी मला हसू यायचं. आज आलं नाही.

पत्रिकेच्या खाली प्रेसची, मुद्रकाच्या नावाची ओळ लावली. ती दोऱ्यानं बांधलेली खणात तयारच असते, दर कामाला उचलायची आणि लावायची. अण्णांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. ओळीबिगर कागद म्हणजे बेवारशी मूल, फौजदार आधी त्यालाच उचलतो.

२१ मार्च

ही पानं आईच्या हाती पडायला नकोत.

सुग्रीव कामावरून तसाच प्रेसमध्ये आला, अंगावर सगळी पांढरी धूळ. म्हणाला, तलावावर पाण्याचा टँकर येतो म्हणतात तो येतच नाही. सोसायटीच्या नावावर डिझेल मिळतं, टँकर निघतो, आणि जातो कुठं तर चेअरमनच्या मोसंबीत. त्यानं काल मागं मागं जाऊन डोळ्यांनी बघितलं. बाया नदीच्या वाळूत झिरे उकरतात आणि वाटी-वाटीनं पाणी भरतात. भिवराबाई ज्या दिवशी पडल्या, त्या दिवशी झिऱ्याला पण पाणी नव्हतं.

"हे छापायचं," मी म्हणाले.

"मामाला दाखवून?" त्रिंबकनं विचारलं.

सुग्रीव म्हणाला, "तुजा मामा बोट वर करील आन् आमी झिऱ्यात मरू. न दाखवता छापायचं बे."

त्रिंबकनं दारातून बाहेर बघून घेतलं. मग म्हणाला, छापू, पण खाली प्रेसचं नाव टाकायचं नाही. नाव टाकलं तर अण्णांचा गाळा जाईल. मी म्हणाले, नाव नसलं तर फौजदार बेनामी कागद म्हणून पोरांनाच उचलेल. सुग्रीव म्हणाला, "उचलू दे मला." त्याला उचललं तर घरातल्या सगळ्यांची नावं हजेरीतून जातील, हे त्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. तरी नाव न टाकताच छापायचं ठरलं. अण्णांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हेही ठरलं.

ओट्यावर अण्णा झोपलेले होते. मध्येच खोकले, तेव्हा मी दारातून डोकावले. पण पंचा तोंडावर तसाच होता. गाढ झोपले होते, नशीब.

२५ मार्च

झालं. छापून झालं. आता काही परत घेता येत नाही.

बाजाराचा दिवस धरला होता, गलक्यात पायानं मारायच्या ट्रेडलचा, आमच्या छपाईच्या मशीनचा आवाज कुणाला कळत नाही. आणि देवच पावला, अण्णा सकाळी म्हणाले, "मी कागद आणायला पाटोद्याला जाऊन येतो." बाजाराच्या दिवशी ते गाव कधी सोडत नाहीत, गिऱ्हाईक त्याच दिवशी येतं. मी म्हणाले, जा जा. मी लई आनंदानं म्हणाले, आता वाटतं जास्तच आनंदानं म्हणाले.

जुळवलेल्या पानांचा फर्मा मी कालच बांधून ठेवला होता, वर गोणपाट टाकलं होतं. अण्णा निघाले आणि दारातनं माघारी आले. म्हणाले, "तारे, भाकरी राहिली बघ. पळत जा, घेऊन ये, गाडी चुकंल." उन्हात घरापर्यंत जायचं आणि यायचं. आईनं अजून तवा ठेवला नव्हता, ती करेपर्यंत मी नुसती उभ्या-उभ्या घामाघूम. भाकरी घेऊन आले, तर अण्णा गल्लीच्या तोंडाशी निघालेले. "ऱ्हाऊ दे, भूक मेली," म्हणाले आणि गेले. त्यांची बोटं शाईनं काळी झालेली, तीही धुतली नव्हती. असा वैताग आला. स्वतःच्या भाकरीसाठी मला पळवायचं आणि ती घ्यायची पण नाही.

मग सुग्रीव आणि त्रिंबक मागच्या दारानं आले. मी ओट्यावर गिऱ्हाईकं थोपवत बसले. सुग्रीव ट्रेडल मारत होता, त्रिंबक कागद लावत होता. आतून खटाखट आवाज येत होता आणि प्रत्येक खटक्याला मला वाटत होतं, हा आता बाहेर ऐकू गेला. आणि आलाच राधाकिशन. पावतीपुस्तकांचं काम सांगायला. "आत कोण हाय?" म्हणाला. मी म्हणाले, पत्रिका चालू आहेत. तो वळून वळून बघत गेला तोवर पोरांनी ओल्या शाईचेच कागद कापसाच्या पोत्यात भरले आणि मागून पळाले. मला एक अंक पण बघायला मिळाला नाही. गोणपाटाखाली फर्मा ठेवायचा दगड रिकामा. फर्मा पण सुग्रीवनं उचलून त्याच्या घरी नेलाय.

अण्णा संध्याकाळी आले. कागद आणला नव्हता. "मिळाला न्हाई," एवढंच.

२७ मार्च

गिरणीत अंक बघितला.

रेशनची लाल मिलो ज्वारी दळायला रांग होती. पुढं बायनाबाई, हातात आमचा कागद. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं गिरणीवाल्याकडून वाचून घेतला होता. टँकरचं ऐकून बाया नुसत्या पेटल्या होत्या. माझी छाती भरून आली, तेवढ्यात बायनाबाई म्हणाली, "कावून गं, तुज्या बापाचं लगीन हाय का? नाव कसं ठसठशीत छापलंय."

बघितलं तर खाली, कबड्डीच्या पण खाली, नवरदेवाच्या टाईपात ओळ होती. मुद्रक व प्रकाशक : बद्रीनाथ भोंडवे.

दळण तिथंच टाकून प्रेसमध्ये पळाले. पहिल्यांदा वाटलं, मीच सवयीनं लावली असेल. हात आपोआप खणाकडं जातो, मलाच कळलं नसेल. खण उघडला. बांधलेली ओळ खणातच होती, दोऱ्याची गाठ तशीच. शिवाय तिच्यात 'प्रकाशक' हा शब्दच नाही. म्हणजे ही दुसरी ओळ कुणीतरी मुद्दाम जुळवून घातली. अण्णांना यात ओढायला. फर्म्याजवळ मी सोडून कोण होतं? सुग्रीव आणि त्रिंबक. आणि चेअरमनचा भाचा कोण?

अण्णांना सांगायची हिंमत झाली नाही. ते बाहेर बसून तंबाखू मळत होते. उगंच आपले शांत. त्यांना अजून काही माहीत नाही, हेच मला सोसवेना.

२८ मार्च

त्रिंबकला वेशीबाहेर गाठलं, सुग्रीव पण होता बरोबर. म्हणाले, मामाला जाऊन भेटलास ना, अण्णांचं नाव घालून मोकळा झालास ना. तो म्हणाला,

"तारा, मला खिळा उलटा कोणता आन् सुलटा कोणता ते कळत न्हाई. मी ओळ कशी जुळवीन? ओळ आदीच होती. मला वाटलं, तूच बेत बदलला."

मी म्हणाले, खोटं बोलतोस. आणखीही बोलले, मामाच्या ताटातलं खातोस असं काहीतरी. तो निघून गेला. सुग्रीव म्हणाला, "लई बोललीस बे तू." मुलीला पण तो 'बे' म्हणतो, पण आज ते हसण्यावारी नव्हतं.

आता मी एकटी आहे. दारात जीप थांबल्याचे भास होतात.

३० मार्च

जीप आली.

फौजदार आणि राधाकिशन. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. अण्णा पंचा झटकून उठून बसले. मी खिळ्यांच्या केसच्या आड उभी. राधाकिशन म्हणाला, "साहेब, असला कागद काढायची पोरांची टोळी हाय. त्यो तोडणीवाल्याचा सुग्रीव म्होरक्या हाय. त्याला घ्या आदी."

फौजदारानं विचारलं, "कागद कुणी काढला?"

अण्णा म्हणाले, "वाचा की. खाली लिवलंय. चष्मा नसला तरी दिसंल एवढं मोठं हाय."

फौजदारानं कागद लांब धरला. वाचलं. राधाकिशनकडं बघितलं. "नाव-गाव तर हाय की हो ह्याच्यावर. बेनामी म्हणत होता तुमी."

"त्या पोरांनी..."

"पोरं माज्याकडं ट्रेडल माराया येत्यात," अण्णा म्हणाले. "सांगितलेलं काम करत्यात. मुद्रक मी, प्रकाशक मी. त्यात खोटं काय असंल तर मला इचारा. टँकर मोसंबीत जातो का न्हाई, तेवढं आदी बघून या."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे खोटं आहे, यांना काही माहीत नव्हतं, हे आमच्यासाठी अंगावर घेतायत. पण मी आडच उभी राहिले. अण्णा जीपमध्ये बसायला लागले, पायरी दिसली नाही म्हणून अडखळले. फौजदारानंच हात दिला.

आई चुलीपुढं बसून राहिली, काही शिजवलं नाही. मला म्हणाली, "तुज्या शिकण्याचा एवढा उपेग झाला बघ." मी रडले. दिवसभर जीव दारात.

दिवेलागणीला अण्णा चालत आले. लिहून घेतलं आणि सोडलं म्हणाले. हातपाय धुतले, जेवले. राधाकिशननं गाळा खाली करायचं पत्र आधीच टाकून ठेवलं होतं, ते मला वाचायला सांगितलं. वाचलं. "बरं," म्हणाले.

मी तेव्हा सगळं सांगायला हवं होतं. त्रिंबकनं ओळ घातली, तुमचा बळी दिला, असं. पण ते इतके निवांत जेवत होते की सांगवेना.

२ एप्रिल

तहसिलातून साहेब आले होते. मोसंबीच्या बुंध्याला ओल आणि तलावावर रिकामी पिंपं, दोन्ही त्यांनी बघितलं. आज टँकर तलावावर आला. सुग्रीव सांगत होता, भिवराबाईंनी घागर भरून घेतली आणि पहिल्यांदा तोंडावर पाणी मारून घेतलं, प्यायचं सोडून. बायांनी हसून हसून त्यांना वेड्यात काढलं. सुग्रीवचं नाव हजेरीत आहे. सगळ्यांची आहेत.

मला आनंद होतोय, पण नीट होत नाही. गाळा जाणार. सोसायटीचं काम गेलं. आई माझ्याशी बोलत नाही. त्रिंबक प्रेसकडं फिरकत नाही. दोषी आहे म्हणूनच, असं मी मनाला सांगते, आणि मन ऐकत नाही.

५ एप्रिल

आज मला कळलं. माझ्याइतकी मूर्ख पोरगी पंचक्रोशीत नसेल.

शेवटची एक पत्रिका होती, गाळा सोडायच्या आधीची. बारीक मजकूर मी जुळवला. अण्णा नवरदेवाच्या केसपुढं बसले. उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून त्यांनी डोळे मिटूनच घेतले. बोटं एकेका खणात जात होती, खिळा चाचपत होती, कडेची खाच अंगठ्यानं बघत होती आणि स्टिकमध्ये लावत होती. एक पण चुकला नाही. बोटं काळी होत गेली.

मी ती बोटं बघत राहिले. बाजाराच्या दिवशीची काळी बोटं. न नेलेली भाकरी. न आणलेला कागद. ओट्यावरचा खोकला.

मागं जाऊन रांजणाजवळ बसले. सुग्रीवला उचलू नये म्हणून कुणाचं तरी नाव कागदावर हवं होतं. बारीक टाईप दिसत नव्हता. जो हाताला कळत होता त्या टाईपात त्यांनी आपलं नाव लावलं. माझ्या फर्म्यात, माझं गोणपाट उचलून. आणि मी त्यांना भित्रा म्हणत होते. इथं मागच्या पानांवर तसंच लिहिलंय. खोडणार नाही, राहू दे.

बाहेर येऊन म्हणाले, "अण्णा."

"काय गं?"

"काही नाही."

"मंग शाई घोट," म्हणाले.

६ एप्रिल

त्रिंबकच्या घरी जाता येत नाही, ते मामाचं घर. देवळाच्या मागं थांबले, तो पाण्याला येतो तिथं. म्हणाले, माझं चुकलं, तुला नको ते बोलले. कुणी ओळ लावली तेही सांगितलं. त्यानं घागर खाली ठेवली. मग म्हणाला, अंक निघाला त्याच दिवशी मामानं त्याला विचारलं होतं, कागद कुणी काढला. त्यानं सांगितलं, मी. मामानं हात उचलला. तेव्हापासून तो घरात जेवत नाही, सुग्रीवकडं जेवतो.

म्हणजे मी ज्या ताटावरून बोलले ते ताट त्यानं त्याआधीच सोडलं होतं. सुग्रीवला माहीत होतं, म्हणून तो तसा बोलला. मान वर करवेना. त्रिंबकच म्हणाला, "चल, पुढच्या अंकाचं बघू."

९ एप्रिल

ट्रेडल बैलगाडीवर घालून सुग्रीवच्या गोठ्यात आणलं. गोठा रिकामाच होता, जनावरं छावणीला. उचलायला कामावरची माणसं आली, कुणी बोलावलं नव्हतं. आई पण आली, खिळ्यांची केस डोक्यावर घेऊन. कुरकुरत आली, पण आली.

भीती गेलेली नाही. राधाकिशन काल सांगून गेला, पुन्हा कागद निघाला तर अब्रूचा दावा घालू. अण्णांचं नाव एकदा चौकीत लिहिलं गेलंय, दुसऱ्यांदा चालत येतील की नाही कोण सांगणार. तरी पाचव्या अंकाचं प्रूफ दुपारी निघालं. चेअरमनला नाही दाखवलं. अण्णांना दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचलं. छावणीतल्या चाऱ्याचं वाचलं, बायांच्या मजुरीचं वाचलं, कबड्डीचा निकाल वाचला. सुग्रीव आणि त्रिंबक दाराशी बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. आई तीन दगडांची चूल फुंकायची थांबली. मग शेवटची ओळ आली. ती पण वाचली.

"मुद्रक : बद्रीनाथ भोंडवे. प्रकाशक : तारा बद्रीनाथ भोंडवे, सुग्रीव, त्रिंबक."

आई म्हणाली, "पोरीचं नाव छापून आलं तर तिला करून कोण घेईल?" अण्णा तिच्याकडं वळले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, मोतीबिंदूनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंच.

"ही नावं कोणत्या टाईपात लावलीस?"

"बारीक. बांधलेल्या ओळीसारखी."

"मोठ्यात लाव. आमचा फौजदार चष्मा लावत न्हाई."

मोठ्या टाईपात तेवढी नावं बसत नव्हती. मी आणि अण्णांनी शेजारी बसून लावली, त्यांनी स्वतःचं नाव आणि माझं, मी बाकीची दोन. कबड्डीचा निकाल काढला आणि जागा केली.